१७२० साली थांबलेले पोट: पचनसंस्थेच्या शालेय मॉडेलचे परीक्षण

मानवी पचनसंस्थेचे फळीवर बसवलेले, प्रत्यक्ष आकाराचे प्लॅस्टिक मॉडेल हल्ली बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळेत दिसते. मालवण तालुक्यातील आमच्या किनाऱ्यालगतच्या माध्यमिक शाळेने असे एक मॉडेल गेल्या वर्षी ऑनलाइन मागवले आणि सातवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांना मी ते समोर ठेवून शिकवते. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेला हा माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि खोक्यावरचा शिक्का बदलला तरी आतले पोट तेच असते. पोचवण्याच्या खर्चासह किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आसपास पडली. एवढ्या पैशांत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे अशी खरेदी करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगते. या फळीवर जे काही दाखवले आहे ते जवळपास सगळे १७२० सालापर्यंत शरीरविच्छेदन करणाऱ्यांना ठाऊक झालेले होते. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत पोटाविषयी जे कळले त्यातले जवळजवळ काहीच तिथे नाही. तेवढ्याने मॉडेल टाकाऊ ठरत नाही. मात्र मुलांपुढे ते ‘आपले पोट असे असते’ म्हणून ठेवता येत नाही. ‘मृत देहात सुरीने एवढे दिसते’ असे सांगून ठेवावे लागते.

फळी साधारण तीन फूट उंच आहे. वर उभ्या छेदातला चेहरा, त्यात जीभ आणि लाळग्रंथी, खाली ग्रासनली, पुढची बाजू कापून उघडलेले जठर, हुकावरून उचलता येणारे यकृत, त्यामागे हिरवे पित्ताशय, ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, बाकात आडवे पडलेले स्वादुपिंड, वेटोळी एकमेकांना चिकटलेले लहान आतडे, त्याला वळसा घालणारे मोठे आतडे आणि शेवटी मलाशय असा सगळा पसारा आहे. मोठ्या आतड्याचा आडवा भाग काढून ठेवता येतो. रंग भडक असले तरी शेवटच्या बाकावरून अवयव वेगळे ओळखू येतात, आणि चाळीस मुलांच्या वर्गात ती गोष्ट लहान नाही.

यकृत हा या मॉडेलचा सर्वांत उत्तम भाग आहे. उजवा मोठा आणि डावा लहान असे दोन खंड पुढून स्पष्ट दिसतात, आणि उलटे केले की पित्ताशयाजवळचे दोन छोटे भागही नीट घडवलेले आढळतात. आमच्याकडच्या मुलांना यकृत पाहून माहीत असते, पण ते माशांचे. घरी मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा, कापताना पाहिलेल्या मुलाची खात्री असते की यकृत म्हणजे पोटभर पसरलेल्या दोन लांब पट्ट्या, आणि मोरीपुरते ते बरोबरच आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याची गत काही वेगळी नव्हती. रोममध्ये मानवी देह कापण्याची प्रथा नसल्याने त्याने माकडे, डुकरे आणि इतर जनावरे कापली आणि त्यांत दिसले ते माणसाला लावले. त्याच्या परंपरेतले पाच खंडांचे यकृत पुढे तेराशे वर्षे चालले. इतके, की आंद्रेआस व्हेसेलियस या शरीरज्ञाने १५३८ साली काढलेल्या तक्त्यांतही यकृताला पाच खंड आहेत, जरी तोवर त्याने स्वतः माणसांची शरीरे उघडलेली होती. १५४३ सालच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात ते सुधारले गेले. डोळ्यांसमोर दोन खंड असताना हाताने पाच काढले जातात, ही गोष्ट मी दरवर्षी सांगते, कारण मॉडेल समोर असूनही पुस्तकातली आकृतीच वहीत उतरवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

आंत्रपुच्छाबाबत (अपेंडिक्सबाबत) मात्र तक्रार आहे. खोके उघडले तेव्हा ते मुळापासून तुटून थर्माकोलच्या चुऱ्यात पडलेले होते. विक्रेत्याने दिलगिरी व्यक्त केली, सुटा भाग मात्र आला नाही. शेवटी एपॉक्सी लावून आम्हीच ते बसवले. बारीक, लोंबता भाग बांधणीत आधार न देता पाठवला की असे होणारच. योगायोग असा की, शरीररचनेच्या इतिहासातही हा अवयव बराच काळ असाच गळलेला होता. गेलनने ज्या जातीच्या माकडांवर काम केले त्यांना आंत्रपुच्छ नसतेच, त्यामुळे त्याच्या लिखाणात ते आले नाही आणि त्याच्या मागून जाणाऱ्यांनाही दिसले नाही. लिओनार्दो दा विंचीने ते रेखाटले, पण त्याच्या वह्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. छापील वर्णन १५२१ साली बेरेंगारियो दा कार्पी याने केले, आणि व्हेसेलियसच्या चित्रांत ते सगळ्यांसमोर आले. लंडनमध्ये क्लॉडियस अमियंडने १७३५ साली एका ११ वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करून ते प्रथम काढले. हर्नियाच्या पिशवीत उतरलेल्या आंत्रपुच्छात टाचणी अडकलेली होती. हा प्रसंग सांगितला की वर्ग एकदम शांत होतो.

आता स्वादुपिंडाविषयी, कारण फळीवरचा सर्वांत रंजक बारकावा तिथे आहे. ग्रंथी मधोमध चिरून तिच्या लांबीभर धावणारी पांढरी नलिका दाखवली आहे. ती पित्तनलिकेजवळ येऊन ग्रहणीच्या आतल्या एका लहानशा उंचवट्यावर उघडते. इटलीतल्या पादुआत काम करणाऱ्या योहान गेओर्ग विर्सुंग या जर्मन शरीरज्ञाला ही नलिका मार्च १६४२ मध्ये सापडली, तीही फाशी गेलेल्या एका माणसाच्या देहात. तिचा उपयोग काय, हे त्याला उमगले नाही. त्याने तांब्याच्या पत्र्यावर नलिकेचे चित्र कोरून घेतले, त्याचे ठसे युरोपातल्या नामवंत शरीरज्ञांना पाठवले आणि विचारले की ही रोहिणी म्हणावी की नीला, कारण आत रक्त तर कधीच सापडत नाही. समाधानकारक उत्तर हाती येण्याआधी, १६४३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा खून झाला. नलिका आतड्यात रस ओतते, हे डच वैद्य रेनियर दे ग्राफ याने १६६४ साली कुत्र्याच्या स्वादुपिंडनलिकेत नळी बसवून तो रस बाहेर गोळा केला तेव्हा स्पष्ट झाले. ग्रहणीतल्या त्या उंचवट्याला आब्राहाम फाटरचे नाव चिकटले ते त्याने १७२० साली केलेल्या वर्णनामुळे. फळीवर यानंतरचे काही मला शोधूनही सापडलेले नाही, म्हणून शीर्षकात ते साल घेतले.

दुर्दैवाने सोबतच्या कार्डावर नेमक्या याच ठिकाणी घोळ आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका यांचे क्रमांक अदलाबदल झालेले आहेत, आणि कार्ड फक्त इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या शाळेला विकताना यकृत, स्वादुपिंड, ग्रहणी ही नावे छापून द्यायला विक्रेत्याला फार खर्च आला नसता. तक्रार केल्यावर दुरुस्त यादी मोबाइलवर पाठवण्यात आली, तीही इंग्रजीतच. मी जाड कागदावर मराठी यादी करून लॅमिनेट करून घेतली. घेणाऱ्याने हा खर्च आणि अर्धी दुपार हिशेबात धरावी.

लहान आतडे ही या मॉडेलची सर्वांत कमकुवत बाजू. सगळी वेटोळी एकाच साच्यात ओतलेली आहेत. ती सोडवता येत नाहीत, त्यामुळे लांबीचा अंदाज येत नाही. ग्रहणी तेवढी मोजता येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मानवी देह उघडणाऱ्या हिरोफिलसने या भागाची लांबी बारा बोटे सांगितली होती, आणि मोठ्या माणसाची बोटे आडवी ठेवत गेले की फळीवर ती साधारण तेवढीच भरते. उरलेल्या लांबीसाठी आम्ही सुश्रुतसंहितेकडे गेलो. तिच्या शारीरस्थानात पुरुषाची आतडी साडेतीन व्याम आणि स्त्रीची त्याहून अर्धा व्याम कमी असे माप दिले आहे. व्याम म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे आपल्याकडचे मच्छीमार दोर आणि पाण्याची खोली मोजतात तो वाव. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शाळेत येऊन जाळ्याचा दोर छातीसमोरून हात पसरत साडेतीन वाव मोजून दिला. तो फळ्यापासून सोडला तेव्हा दुसरे टोक वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात गेले. “इतक्या सगळ्या ह्या पोटात ऱ्हवता?” असे एकीने विचारले, आणि माझ्या मते मॉडेलपेक्षा त्या दोराने जास्त शिकवले. सहा मीटरांच्या थोडे पुढे जाणारे ते माप आजच्या आकड्यांपासून दूर नाही. मृतदेहात लहान आतडे सुमारे सहा मीटर भरते, जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ते त्याहून आखूड असते.

सुश्रुताची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आतड्यांतला मळ काढून टाकलेला देह मुंज, साल, कुश किंवा ताग यांत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या नदीत आडबाजूला सात रात्री ठेवायचा आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर पाहायचा. धारदार शस्त्र न चालवता देह उलगडण्याची ही युक्ती आहे, पण सात दिवस पाण्यात राहिलेले पोटातले मऊ अवयव कितपत शाबूत राहत असतील, अशी शंका येते. तिकडे इटलीतल्या बोलोन्यात मोंदिनो दे लुझी याने १३१६ च्या सुमारास लिहिलेल्या विच्छेदनाच्या पाठात पोट सर्वांत आधी उघडायला सांगितले, कारण तेच सर्वांत आधी कुजते. मे महिन्यातल्या उकाड्यात दुपारपर्यंत बर्फाविना राहिलेला बांगडा ज्यांच्या घरात येऊन गेला आहे, त्यांना ते कारण समजावून सांगावे लागत नाही. पोटाविषयीचे ज्ञान इतका काळ का रखडले, याचे निम्मे उत्तर मला त्या घाईत दिसते.

आतड्याची आतली बाजू मॉडेलमध्ये गुळगुळीत गुलाबी आहे. घरी वजरी धुणाऱ्या कोणालाही जनावराच्या पोटाची आतली भिंत अशी नसते हे माहीत असते. माणसाच्या लहान आतड्यातली सूक्ष्म बोटांसारखी विली योहान लीबरक्यूनने १७४५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने वर्णिली, आणि अन्न शोषले जाते ते तिथेच. हा भाग मोठा करून दाखवणारी छोटी सुटी चकती महागड्या मॉडेलांत मिळते, यात नाही. जाता जाता एक सूचना करते. आतड्याचा पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा असतो हे वाक्य मार्गदर्शकांत अजून छापले जाते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली केलेल्या मोजणीत संपूर्ण अन्नमार्गाचा आतला पृष्ठभाग सरासरी सुमारे ३२ चौरस मीटर भरला, म्हणजे आमच्या वर्गखोलीच्या जमिनीएवढा.

१७२० पूर्वी ठाऊक असूनही गाळलेल्या दोन गोष्टी मला जास्त खटकतात. पहिली म्हणजे शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या दुधी वाहिन्या. गास्पारे आसेल्ली या इटालियन शरीरज्ञाने २३ जुलै १६२२ रोजी नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. मज्जातंतू समजून त्याने एक टोचला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. उपाशी कुत्र्यात हे जाळे दिसत नाही, हेही त्याच्या ध्यानात आले. त्याच्या मृत्यूनंतर १६२७ साली निघालेल्या ग्रंथात या वाहिन्यांची रंगीत छापलेली चित्रे आहेत. वाहिन्या यकृतात जातात असे त्याला वाटले, कारण अन्नाचे रक्त यकृतात होते हे गेलनचे मत अजून टिकून होते. १६५१ साली झाँ पेके याने हा द्रव छातीतल्या नलिकेतून थेट मानेजवळच्या शिरेत जातो हे दाखवले, आणि कोपनहेगनच्या थोमास बार्टोलिनने रक्त बनवण्याच्या पदावरून उतरलेल्या यकृतासाठी चक्क मृत्युलेख लिहिला. पुढे दोनशे वर्षांनी क्लोद बेर्नारने यकृतात साखरेचा साठा होतो हे सिद्ध केल्यावर त्याची पत परत आली. फळीवर यातला एकही पांढरा धागा नाही. मी पांढऱ्या लोकरीचे तुकडे चिकटवून काम भागवते.

दुसरी गोष्ट म्हणजे तो पडदा, मेसेंटरी. आतडी पाठीमागच्या भिंतीशी त्यानेच धरलेली असतात, रक्तवाहिन्या त्यातूनच येतात. बकरा सोलताना खाटीक आतडी ज्या चरबीच्या पडद्यापासून सोडवतो तोच हा. मॉडेलमध्ये तो नसल्याने आतडी पोटात सुटी टाकलेली आहेत असा ग्रह होतो. कारखान्यालाच दोष देऊन भागणार नाही, कारण लंडनचे शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी १८८५ साली हा पडदा तुकड्यातुकड्यांत असतो, मोठ्या आतड्याच्या चढत्या आणि उतरत्या भागांना तो बहुधा नसतोच असे मांडले, आणि शतकभर पाठ्यपुस्तके तेच सांगत राहिली. तो सलग एकच आहे हे आयर्लंडमधल्या लिमरिकच्या कॅल्व्हिन कॉफी आणि सहकाऱ्यांनी २०१२ पासून दाखवले आणि २०१६ साली त्याला स्वतंत्र अवयव मानावे असे सुचवले. जुन्या सुतीच्या साडीचा घड्या घातलेला पट्टा कडेने शिवून मुलांना हे समजावता येते. फळीला तो जोडण्याची सोय मात्र नाही.

जठराविषयी फार लिहिण्याजोगे नाही. घड्या छान दाखवल्या आहेत, दोन्ही टोकांची दारे ओळखू येतात. आत काय चालते, हे प्लॅस्टिक सांगू शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७५२ साली घारीला जाळीने झाकलेल्या धातूच्या नळीतून मांस गिळायला लावले आणि दळणाशिवाय, केवळ रसाने ते विरघळते हे पाहिले. विल्यम प्राऊटने १८२४ साली त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे सांगितले. आणि अमेरिकन लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी बंदुकीच्या जखमेने पोटाला कायमचे भोक पडलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या जठरात रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे सोडले आणि तासातासाने बाहेर काढून पाहिले. त्यांचे पुस्तक १८३३ सालचे. सेंट मार्टिनला या सगळ्याचा किती कंटाळा आला असेल, हा प्रश्न मुले हटकून विचारतात.

मॉडेलमधले जठर इंग्रजी जे अक्षरासारखे, कायमचे एकाच आकाराचे आहे. वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा विद्यार्थी १८९६ च्या अखेरीस बिस्मथ मिसळलेले अन्न प्राण्यांना देऊन क्ष-किरणांखाली पाहू लागला, तेव्हा जठर क्षणोक्षणी आकार बदलते, त्यावरून लाटा सरकतात, आणि मांजर चिडले की त्या लाटा थांबतात, हे दिसले. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची स्वतःची जाळी असतात हे माइसनर आणि आउअरबाख यांनी त्याआधीच, १८५७ पासूनच्या काही वर्षांत सांगितले होते, आणि आम्लयुक्त अन्न ग्रहणीत पोचताच रक्तातून स्वादुपिंडाला संदेश जातो हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली सिद्ध केले. एवढ्यासाठी एखादी क्ष-किरण चित्रफीत दाखवावी. फळीपुढे उभे राहून हातवारे करण्यात अर्थ नाही.

टिकाऊपणाचा विचार आपल्या हवेत वेगळा करावा लागतो. पहिल्याच पावसाळ्यात फळीची खालची कड फुगली, यकृताचा लोखंडी हुक गंजला आणि त्याचा तांबूस ओघळ जठरावर उतरला. निळा रंग ओल्या फडक्याला लागतो, म्हणून कोरड्या कुंचल्यानेच साफ करावे. हुक आणि स्क्रू पितळी घालून घेतले आणि फळीच्या कडांना वॉर्निश लावले, तेव्हापासून त्रास नाही. खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीसमोर मात्र टांगू नये.

घ्यावे का, तर अवयव, त्यांच्या जागा आणि त्यांना जोडणाऱ्या नलिका शिकवायच्या असतील तर जरूर घ्यावे. तक्त्यापेक्षा ते कितीतरी सरस आहे. दीड-दोन हजार जास्त देण्याची शाळेची तयारी असेल, तर विलींची चकती आणि सुटे होणारे लहान आतडे असलेले मॉडेल मागवावे. कोणतेही घेतले तरी मागणी नोंदवतानाच मराठी किंवा निदान अचूक क्रमांकांचे कार्ड लेखी मागून घ्यावे, फळी लाकडाच्या भुश्याची नसून प्लायवुडची आहे याची खात्री करावी, आणि खोके कुरियरवाल्यासमोर उघडून आंत्रपुच्छ जागेवर आहे ना ते पाहूनच सही करावी.